वीज गेल्यानंतरचे आठ तास

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील वीज एकाच वेळी गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. बाहेरच्या जाळ्यात बिघाड झाला, तर शहराला त्यापासून अलग करून स्थानिक निर्मितीवर चालू ठेवण्याची मुंबईची योजना त्या दिवशी टिकली नाही. पुरवठा टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. काही भागांत त्यासाठी रात्र उजाडली. काळ करोनाचा होता. रुग्णालयांनी किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल जवळ ठेवावे, अशी सूचना महापालिका आयुक्तांनी दिली. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावून पडलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला असे सांगणारे मात्र कोणी नव्हते.

वाकोल्याला तर याहून जुनी आठवण आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला तो शंभर मिलिमीटरही नव्हता. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. नदी फुगली की नाल्याच्या पाण्याला वाट राहत नाही आणि ते वस्तीत शिरते. तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत पाणी आले, की वीज बंद ठेवणे हाच सुरक्षित मार्ग उरतो. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरचा रुग्ण कोरडा असतो, पण त्याचे यंत्र बंद असते. लिफ्टही बंद, आणि रस्त्यावर रुग्णवाहिका येऊ शकत नाही.

व्यापारी कुटुंबांत एक विसंगती हमखास दिसते. दुकानातील बिलाचे यंत्र आणि कॅमेरे क्षणभरही बंद पडू नयेत म्हणून तेथे चोख व्यवस्था असते. घरचा इन्व्हर्टर मात्र पंखे व दिव्यांपुरता घेतलेला असतो, आणि आजोबा रुग्णालयातून घरी आले, की त्यांचे यंत्रही त्यावरच चालेल असे गृहीत धरले जाते. ज्या घरात पैशाचा हिशेब लागल्याशिवाय रोजमेळ मिटत नाही, तेथे हा हिशेब मांडून पाहण्यास काहीच कठीण नाही.

घरोघरी असते ती १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी. गुणाकार केला तर जमा दिसते १८०० वॅट-तास. रूपांतरात होणारी तूट आणि जड भाराखाली बॅटरीची घटणारी क्षमता वजा केली, की हाती सुमारे ११०० उरतात. मिनिटाला पाच लिटर क्षमतेचे कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेते. म्हणजे तीन तास, तेही पंखा न लावता आणि बॅटरी नवी असताना. चार वर्षे जुन्या बॅटरीकडून एवढीही अपेक्षा धरू नये. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असणेही आवश्यक आहे. स्वस्त चौकोनी लहरींवर अशा यंत्राची मोटर तापते. झोपेत श्वासासाठी लावण्याच्या सीपॅप यंत्राची गोष्ट निराळी. त्याचा बाष्पक बंद ठेवला, तर बहुतेक यंत्रे चाळीस-पन्नास वॅटवर चालतात आणि रात्र सहज निभते. इन्सुलिनसाठी फार घाबरण्याचे कारण नाही. फ्रिज न उघडल्यास आतला गारवा चारेक तास टिकतो.

ऑक्सिजनच्या रुग्णासाठी मग उरलेल्या पाच तासांचे काय? आणखी बॅटऱ्या घेता येतात, पण त्यांनाही पुन्हा वीज लागतेच. खरी शिल्लक म्हणजे विजेशिवाय चालणारा सिलिंडर. बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू असतो. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितले असेल, तर तो बारा तासांहून अधिक पुरतो. पाच लिटर असेल तर पाच तास. बॅटरीचे काम गडबड न होता सिलिंडर जोडण्यास वेळ मिळवून देण्याचे आहे. प्रवाह मात्र डॉक्टरांनी ठरवून दिला तेवढाच ठेवावा. धाप लागली म्हणून नळी वाढवून देणे फुप्फुसांच्या काही जुन्या रुग्णांना घातक ठरते.

सिलिंडर साखळीने भिंतीशी बांधून उभा ठेवावा. देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर. प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत तुपाचा दिवा, धूप, उदबत्ती काहीच नको, आणि वीज गेली म्हणून मेणबत्ती तर मुळीच नको. रेग्युलेटर घट्ट बसला असेल, तर त्याला तेल लावण्याचा मोह घरोघरी होतो. तेल आणि दाबाखालचा प्राणवायू एकत्र आले तर भडका उडू शकतो. सोसायटीचा जनरेटर असल्यास तो केवळ लिफ्ट व पंपाला जोडलेला आहे, की रुग्णाच्या घरात एक जोडणी मिळू शकते, हे समितीच्या सभेत पावसाळ्यापूर्वीच विचारून घ्यावे. सुटा जनरेटर गॅलरीत किंवा जिन्यात चालवू नये. त्याच्या विषारी धुराला वास नसला तरी जीव जातो.

दर तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी, घरात दोन जाणती माणसे असताना आणि सिलिंडर रुग्णाजवळ तयार ठेवून, मुख्य स्विच बंद करून पाहावा. यंत्र किती वेळ चालले, ते बॅटरीवर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहावे. सिलिंडर जोडून पाहण्याचे काम सुनेला आणि नातवालाही करायला लावावे, कारण वीज जाते तेव्हा घरातील पुरुष बहुधा दुकानात असतात. सिलिंडरची चावी कपाटात न ठेवता त्याच्याच मानेला दोरीने बांधावी, आणि शेजारी खिळ्याला एक टॉर्च.