कृपाचार्यांचे वारस

कर्ण श्रेष्ठ की अर्जुन, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. नवे आहेत ते त्याचे नियम. पूर्वी हा वाद भावनेच्या भरात सुरू होई आणि चहाबरोबर संपे. आता त्याला संहिता आली आहे. कवचकुंडले धरायची की वगळायची? शाप लागू की स्थगित? कृष्ण आणि शल्य आपापल्या जागी राहतील, की दोघांनाही सारख्याच कुवतीचा तिऱ्हाईत सारथी द्यायचा? वासवी शक्ती घटोत्कचावर खर्च होण्यापूर्वीचा कर्ण घ्यायचा की नंतरचा? अर्जुन खांडववनातला, की किराताशी झुंजून पाशुपतास्त्र मिळवून आलेला? पुरावा म्हणून कोणता ग्रंथ चालेल? आणि या सर्वांच्या माथ्यावर एक मूलभूत कलम: दोघांना समान मैदान, समान शस्त्रे, समान तयारी; मग पाहू कोण जिंकतो ते.

हे शेवटचे कलम सर्वांत न्याय्य वाटते. माझे भांडण नेमके त्याच्याशीच आहे.

प्रथम नियमवाद्यांच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलून टाकतो. नियमांशिवाय हा वाद म्हणजे नुसता गलका होतो, आणि मीरा-भाईंदरसारख्या शहरात तर तो नीट सुरूदेखील होऊ शकत नाही. २००२ साली महानगरपालिका झालेले हे शहर नाना मुलखांतून आलेल्या माणसांनी भरले, आणि प्रत्येकाने येताना आपापला कर्ण बरोबर आणला. मराठी घरातला कर्ण शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधून (१९६७) किंवा रणजित देसाईंच्या 'राधेय'मधून (१९७३) आलेला असतो. हिंदी घरातला दिनकरांच्या 'रश्मिरथी'तून (१९५२). तमिळ घरात कर्णाला १९६४च्या 'कर्णन' चित्रपटातल्या शिवाजी गणेशनचा चेहरा असतो. मधल्या पिढीचा कर्ण १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर दिसलेला, आणि त्यांच्या मुलांचा २०१३च्या मालिकेतला. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर हे चौघे-पाचजण दाटीवाटीने बसतात, आणि मग कोणीतरी विचारणे भागच असते, की बाबांनो, आपण नेमक्या कोणत्या कर्णाविषयी बोलत आहोत? या प्रश्नापायी अनेकांनी मूळ ग्रंथ उघडला, हे नियमांचे ऋण मी मान्य करतो.

पण ग्रंथ उघडला म्हणजे तो वाचला असे नाही. पुराव्याचा वाद आला की हल्ली भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीचा हवाला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखा दिला जातो. पुण्यात १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले हे काम विसाव्या शतकातल्या भारतीय विद्वत्तेचे शिखर आहे, याबद्दल दुमत नसावे. पण विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी काय शोधत होते? निरनिराळ्या लिपींतल्या, निरनिराळ्या प्रांतांतल्या हस्तलिखितांची तुलना करून संहितेचे जितके जुने रूप हाती लागेल तितके जुने रूप. कुरुक्षेत्रावर खरोखर काय घडले, किंवा कोणता योद्धा वरचढ, याचा निवाडा ते करत नव्हते. शिवाय त्यांनी जे मुख्य संहितेतून काढले ते फेकून दिले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून छापले. म्हणजे सुकथनकरांनी ज्याला पाठभेद म्हटले त्याला आमचे नियमवादी खोटी साक्ष म्हणतात.

तीही सोयीसोयीने. सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदीने स्वयंवरात बजावल्याचा प्रसंग संशोधित संहितेत नाही, हे अर्जुनपक्षीय आनंदाने सांगतात. कर्णाच्या अपमानाची एक नोंद कमी झाली ना! पण वस्त्रहरणाच्या वेळी कृष्णाने वस्त्रे पुरवल्याचा उल्लेखही त्याच संहितेत नाही, हे सांगायला कोणी उत्सुक नसते. एकच केरसुणी, पण आपले अंगण तिला वर्ज्य. कर्णपक्षीयांचेही तेच. घोषयात्रेत चित्रसेन गंधर्वापुढे कर्णाने रणातून काढता पाय घेतला, आणि तेव्हा कवचकुंडले त्याच्या अंगावरच होती. इंद्राने ती मागून नेली ते त्यानंतर. विराटपर्वात एकट्या अर्जुनाने कर्णासह सर्वांना परतवले. हे विषय निघाले की कर्णभक्तांना एकदम कथेचा 'भावार्थ' आठवतो. आणि द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा दुःशासनाला देणारा कर्णच होता, ही गोष्ट तर नियमांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ती मोजलीच जात नाही.

आता त्या मूलभूत कलमाकडे वळू.

कर्ण आणि अर्जुन यांचे पहिले द्वंद्व झालेच नाही. ते नियमाने रद्द झाले. आदिपर्वातल्या रंगभूमीवर अर्जुनाने दाखवलेले प्रत्येक कौशल्य कर्णाने तसेच करून दाखवले आणि द्वंद्व मागितले. तेव्हा कृपाचार्य उठले. अर्जुनाचे कुल त्यांनी जाहीर केले आणि कर्णाला त्याची आई, बाप व वंश विचारला. ते कर्णाला द्वंद्वयुद्धाची रीत समजावून सांगत होते, शिवी देत नव्हते: राजपुत्र अज्ञातकुलाशी लढत नसतो. कर्णाची मान खाली गेली. दुर्योधनाने तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा केले, म्हणजे पात्रतेची अट पुरी केली. तेवढ्यात म्हातारा अधिरथ घामाघूम होऊन आला, भीमाने चाबूक हाती घे असे हिणवले, आणि सूर्य मावळला. संपला सामना.

या प्रसंगाचे सार एवढेच, की लढाईत कोण उतरू शकेल हे लढाईपूर्वीच ठरलेले असते, आणि ते ठरवणारा माणूस स्वतःला नियमांचा निःपक्ष जाणकार म्हणवतो. अशा कथेतल्या दोन माणसांना उचलून, 'कुल सोडा, शाप सोडा, सारथी सोडा, समान मैदानात काय ते बोला' असे म्हणणे म्हणजे कथेतला प्रश्न पुसून त्याच फळ्यावर बेरीज मांडणे. परशुरामाचा शाप कर्णाला वाटेत लागलेली ठेच नव्हे. आपली ओळख लपवल्याशिवाय विद्या मिळत नव्हती, म्हणून तो शाप आहे. कृष्णही अर्जुनाला लॉटरीत लागलेला सारथी नाही. अक्षौहिणी सैन्य सोडून निःशस्त्र माणूस निवडण्याची बुद्धी हा अर्जुनाचाच गुण आहे. हे सारे वजा करा. उरतात ती दोन धनुष्ये आणि त्यांना लटकवलेली दोन नावे. त्यांतले कोणते जिंकले याने कोणाला काय कळणार?

नियमांचे दुसरे लाडके कलम पराक्रमाच्या नोंदीचे: जो पराक्रम ग्रंथात प्रत्यक्ष घडला तोच धरायचा, कोणाची स्तुती धरायची नाही. ऐकायला किती काटेकोर! आता या कलमाने एकलव्याला मोजून पाहा. त्याच्या नावावर एक भुंकणारा कुत्रा आणि त्याच्या तोंडात मारलेले सात बाण, एवढाच ठळक पराक्रम आहे. तेवढ्याने अर्जुनाचा चेहरा उतरला आणि तो द्रोणांकडे तक्रार घेऊन गेला. पुढचे पराक्रम घडू नयेत म्हणून तर अंगठा मागितला गेला. द्रोणपर्वात खुद्द कृष्ण अर्जुनाला सांगतो की अंगठा शाबूत असता तर एकलव्याला देवदानवांनाही जिंकता आले नसते. पण ती पडली स्तुती, म्हणून बाद. ज्याचा अंगठा कापला त्याला, 'तुझ्या नावावर काही नाही' म्हणून यादीतून गाळणे, याला आम्ही वस्तुनिष्ठता म्हणतो.

कोणी म्हणेल, हा करमणुकीचा खेळ आहे, एवढे मनावर का घ्यायचे? घ्यायचे ते एवढ्यासाठी, की हीच भाषा पुढे खेळाबाहेर जशीच्या तशी ऐकू येते. 'सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका आहे, मग तक्रार कसली?' 'मागचे उगाळू नका, आजच्या गुणवत्तेवर बोला.' बारा वर्षांचा मुलगा कर्णाचे सूतपण वगळून त्याचे बाण मोजायला शिकतो, तेव्हा तो खेळता खेळता माणसाला त्याच्या परिस्थितीपासून सोलून काढायला शिकतो, आणि त्या सोललेल्या गोष्टीला गुणवत्ता हे नाव देतो. महाभारताने नेमके याच्या उलट शिकवण्यासाठी एवढा खटाटोप केला आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्ये नियम ठरवतात: रथीने रथीशी लढावे, रणातून मागे फिरलेल्यावर वार करू नये, सारथ्यांवर आणि वादकांवर शस्त्र चालवू नये. पुढची पर्वे म्हणजे ते नियम कोणी, कोणाविरुद्ध, काय कारण सांगून मोडले याची यादी आहे: अभिमन्यू, भूरिश्रवा, द्रोण, कर्णाचे रुतलेले चाक, दुर्योधनाची मांडी.

तर मग असे वाद घालूच नयेत का? जरूर घालावेत. फक्त नियम जवळच्या परंपरेतून घ्यावेत. आपल्याकडे शाहिरांचा कलगी-तुरा आहे. कलगीवाले शक्तीला थोर म्हणतात, तुरेवाले शिवाला. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहाअली नावाचा फकीर यांच्यापासून ही परंपरा निघाली असे सांगतात. कोकणात ती शक्ती-तुरा म्हणून आजही नाचते, आणि कोकणी माणसाबरोबर ती मुंबईतही आली. रात्र रात्र सवाल-जवाब चालतात. समोरच्याने घातलेले कोडे सोडवायचे तर त्याच्या दैवताची पुराणे आपल्या दैवताइतकीच पाठ असावी लागतात. आणि पहाटे जो जिंकतो तो शाहीर जिंकतो. शिव हरला किंवा शक्ती हरली असे म्हणत कोणी घरी गेले नाही. काल्पनिक झुंजीत जय वाद घालणाऱ्याचा होतो, पात्राचा नव्हे, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

तेव्हा दोनच नियम पुरेत. ज्याला कर्णाची बाजू घ्यायची आहे त्याने आधी अर्जुनाची सर्वोत्तम बाजू मांडून दाखवावी. अर्जुनवाल्यानेही तसेच करावे. आणि ज्याला एखादी अट वगळायची आहे त्याने ती वगळल्यावर माणसातले काय काय निघून जाते तेही सांगावे. मराठीला हे अवघड जाऊ नये. ज्या १९६७ साली 'मृत्युंजय' आले त्याच साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त'ही आले. एकाने कर्णाला डोक्यावर घेतले, दुसऱ्याने त्याला सहानुभूतीची सवलत दिली नाही. आणि वाचकाने दोन्ही पुस्तके एकाच फळीवर ठेवली.

बाकी समान मैदानाची भाषा पुन्हा कोणी काढलीच, तर कर्ण आणि अर्जुन क्षणभर बाजूला ठेवावेत, आणि त्या मैदानात एकलव्याला कुठे उभे करणार एवढेच त्याला विचारावे.