कापूस घरात, ओटीपी हवेत: मोठ्या संस्थांची ॲप्स खान्देशातल्या माणसाला का अडवतात?

समजा, चोपडा तालुक्यातलं एक घर आहे. पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस रचलाय. घरातली माणसं पडवीत झोपतात, कारण साठवलेल्या कापसातल्या किड्यांमुळे अंगाला खाज सुटते. जळगाव-धुळ्याकडच्या कुणाला हे वेगळं सांगायला नको. कापूस विकायचा आहे, हमीभाव जाहीर झालाय, खरेदी करणारी सरकारी संस्थाही आहे. तरी कापूस घरातच आहे, कारण वडिलांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर चार वर्षांपूर्वीच बंद पडलाय आणि ओटीपी त्याच नंबरवर जातोय.

हे घर काल्पनिक असलं, तरी अडचण खरी आहे. तिला एक नावही आहे, पण ते पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत जास्त ऐकू येतं: यूएक्स, म्हणजेच यूजर एक्सपीरियन्स. साध्या भाषेत, एखादी वस्तू किंवा सेवा वापरताना माणसाला काय काय सोसावं लागतं, त्याचा हिशोब.

नेमकं झालं काय?

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव दिला. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवण्यात आलं आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. हंगामाच्या तोंडावर खुल्या बाजारातले भाव हमीभावाच्या खाली होते. त्यामुळे त्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदी केंद्रावर माल जाणं शेतकऱ्यासाठी फार महत्त्वाचं होतं.

नेमक्या याच वर्षी सीसीआयने 'कपास किसान' नावाचं ॲप आणलं. आधारच्या साहाय्याने शेतकऱ्याने स्वतः नोंदणी करायची, जमिनीचे आणि पिकाचे तपशील भरायचे, कागद जोडायचे, पडताळणी झाली की केंद्रावर माल आणण्यासाठी स्लॉट घ्यायचा. नोंदणी १ सप्टेंबरपासून सुरू झाली. मुदत आधी ३० सप्टेंबर होती, मग ३१ ऑक्टोबर झाली आणि नंतर आणखी वाढली.

आता, ॲप आणण्यामागचा हेतू चुकीचा नव्हता. आधीची पद्धत काय होती, हे आठवून बघा. केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, रात्रभर मुक्काम, आपला नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. शिवाय शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा माल खपवला जातो, ही जुनी तक्रार. या दोन्हींवर नोंदणी आणि स्लॉट हा सरळ उपाय वाटतो. कागदावर तो आहेही.

एका ॲपमागे किती ॲप?

गोम अशी, की शेतकऱ्याला दिसतं ते एक ॲप नसतंच. कापूस विकायचा तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी. ती नोंद होते ई-पीक पाहणीतून. सरकारी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक हवा, राज्यात कृषी योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला. पैसे यायचे तर आधार बँक खात्याला जोडलेलं हवं. म्हणजे महसूल खातं, कृषी खातं, बँक, आधार आणि सीसीआय अशा पाच दारांतून एकच माणूस जातोय. प्रत्येक दारावरचा पहारेकरी फक्त आपल्या दाराचा विचार करतो.

मोठ्या संस्थांमधल्या यूएक्सची सगळ्यात अवघड गोष्ट हीच. प्रत्येक विभागाचा स्क्रीन कदाचित ठीकठाक असेलही. पण एका स्क्रीनवरून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता कोणाच्याच मालकीचा नसतो. सातबाऱ्यावर नाव एक, आधारवर आडनावाचं स्पेलिंग दुसरं, बँकेत तिसरं. ही दुरुस्ती कोणी करायची? तिन्ही कार्यालयं दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि नियमाप्रमाणे तिन्ही बरोबर असतात.

खान्देशात याला आणखी पदर आहेत. बटाईने शेती करणाऱ्याचं सातबाऱ्यावर नावच नसतं. कापूस त्याने पिकवला, खतं-फवारणीचा खर्च त्याने केला, पण सिस्टिमच्या लेखी तो अस्तित्वात नाही. जमीन आजोबांच्या नावावर, वारस लागलेले नाहीत, सामायिक खात्यात सात नावं, हे तर घरोघरी. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यात पावरा, तडवी कुटुंबं वनपट्ट्यांवर शेती करतात आणि तिथल्या अनेक वस्त्यांवर मोबाईलची रेंज हा रोजचा प्रश्न आहे. फॉर्म बनवणाऱ्यासाठी या साऱ्या 'अपवादात्मक केसेस'. गावात गेलं तर अपवाद कमी आणि नियम जास्त असं चित्र नसतं, उलटंच असतं.

ई-पीक पाहणीची गोष्ट थोडी वेगळी

राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, टाटा ट्रस्टच्या साहाय्याने. त्याआधी पिकाची नोंद तलाठी करायचे. ती बांधावर जाऊन व्हायची की चावडीवर बसून, हा विषय सोडून देऊ. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं.

पहिल्या वर्षी तक्रारी खूप आल्या. पण २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यातल्या काहींची दखल घेतलेली दिसली. चूक झाली तर ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्त करण्याची सोय आली. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. मदतीचं बटण आलं. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित धरून तलाठ्याने त्यातल्या किमान १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं.

दिसायला या बारीकसारीक गोष्टी आहेत. पण ४८ तासांच्या दुरुस्तीचं मोल चुकीचं पीक टाकून बसलेल्या माणसाला विचारा. आधी त्याला तालुक्याच्या चकरा माराव्या लागत होत्या, आता तोच पाच मिनिटांत मोकळा. मोठ्या संस्थेला मनात आणलं तर काय करता येतं, याचा हा आपल्याकडचाच दाखला आहे.

तरी भाषेचा प्रश्न राहतोच. ॲप मराठीत आहे, पण मराठी कुठली? 'पोटखराब', 'जलसिंचनाचे साधन', 'पिकाचा वर्ग'. ही दप्तराची मराठी. घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्याला ती इंग्रजीइतकीच परकी वाटू शकते. मोजमापाचंही तसंच. बोलताना माणूस एकर नाहीतर बिघा म्हणतो, रकाना मागतो हेक्टर आणि आर. एक एकर म्हणजे साधारण ४० आर हा हिशोब मोबाईलला करता येत नाही का? येतो की. पण तो शेतकऱ्याने करायचा, असं आधीच ठरलेलं असतं.

आणि वेळ. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचोरा, जामनेर भागात अतिवृष्टीने पिकं पाण्याखाली गेली. त्याच दिवसांत राज्यभर ई-पीक पाहणीची मुदत चालू होती. शेतात गुडघाभर पाणी असताना शेतात जाऊनच फोटो काढा, हे सांगणारं ॲप चुकीचं चालत नव्हतं. ते बिनचूक चालत होतं, फक्त पावसाचा त्याला पत्ता नव्हता.

'नाही'ला 'होय' म्हणायचं की 'नाही'?

शब्दांची किंमत बघायची तर शेती सोडून लाडक्या बहिणींकडे वळावं लागेल. योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात एक घोषणा होती: कुटुंबातले सदस्य सरकारी विभागात नियमित किंवा कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत, निवृत्तिवेतन घेत नाहीत. त्यापुढे पर्याय, होय किंवा नाही.

आता घरात कोणी सरकारी नोकर नसलेल्या बाईने काय निवडायचं? 'घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का' असं मनात धरून ती सहज 'नाही' निवडेल. पण 'कार्यरत नाहीत' या वाक्याला 'नाही' म्हणजे कार्यरत आहेत! योजनेतून बाहेर.

जानेवारी २०२६ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलं, की ई-केवायसीत चुकीचा पर्याय निवडला गेल्याने ज्यांचा लाभ थांबला, त्यांची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी होईल. स्क्रीनवरचं एक वाक्य सरळ लिहिलं असतं तर जे काम झालंच नसतं, ते अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आलं. खराब डिझाइनची किंमत कोणीतरी चुकवतंच. बहुतेक वेळा ती ज्याने डिझाइन केलं त्याच्या पगारातून जात नाही.

याच ई-केवायसीत पती किंवा वडिलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी लागत होता. दोघंही हयात नसलेल्या बाईने काय करायचं, याचं उत्तर नंतर शोधावं लागलं. मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर गेली.

हे फक्त सरकारी खात्यांतच होतं का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जावरचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज वाटायचं होतं. वाटले गेले जवळपास ९० कोटी डॉलर. कारण? स्क्रीनवर तीन रकाने भरायला हवे होते, भरला गेला एकच. भारतातले दोन कंत्राटी कर्मचारी आणि अमेरिकेतला एक वरिष्ठ अधिकारी अशा तिघांनी तो व्यवहार तपासला होता. तिघांनाही तो बरोबर वाटला. सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळेनात म्हणून बँक कोर्टात गेली, २०२१ मध्ये हरली आणि २०२२ मध्ये अपिलात तिच्या बाजूने निकाल लागला.

गंमत म्हणजे ते सॉफ्टवेअर, फ्लेक्सक्यूब, मूळचं मुंबईतल्या आय-फ्लेक्सचं. पुढे ही कंपनी ओरॅकलने घेतली.

जगातल्या बलाढ्य बँकेत असं का होतं आणि कापसाच्या नोंदणीत का होतं, याचं कारण एकच आहे. मोठ्या संस्थेत सॉफ्टवेअर विकत घेणारा वेगळा, बनवणारा वेगळा आणि वापरणारा तिसराच. निविदेत शंभर अटी असतात: सुरक्षा, सर्व्हर, अहवाल. 'पन्नाशीतल्या माणसाला मदतीशिवाय दहा मिनिटांत नोंदणी जमली पाहिजे' ही अट सहसा नसते. मग यश मोजलं जातं ते किती नोंदण्या झाल्या यावर. किती जण मध्येच सोडून गेले, ते कोणत्या पानावर अडकले, हा आकडा कुठल्या बैठकीत मांडला जात असेल का?

खरा इंटरफेस कोण? झेरॉक्सवाला

या सगळ्यात गाव अडून बसत नाही. बसस्टँडजवळचं ऑनलाइनचं दुकान, आपले सरकार सेवा केंद्र, नाहीतर बारावीतला पुतण्या. खान्देशातल्या बऱ्याच घरांसाठी सरकार म्हणजे हाच माणूस. कोणतं पान कधी हँग होतं, कोणती फाइल किती केबीची लागते, सर्व्हर पहाटे पाचला चालतो की रात्री बाराला, हे सगळं त्याला तोंडपाठ.

पण इथे एक विचित्र प्रकार घडतो. एकीकडे सायबर पोलीस आणि बँका सांगतात, ओटीपी कोणालाही देऊ नका. दुसरीकडे दुकानातून शेतात फोन जातो, 'काका, आलेला नंबर सांगा'. काका सांगतात, कारण न सांगितल्यास कापूस विकला जात नाही. जी सवय मोडायला जाहिराती चालतात, तीच सवय सिस्टिम रोज लावते. उद्या असाच फोन भामट्याचा आला तर काकांनी ओळखायचं कसं?

संधी कुठे आहे?

यूएक्स क्षेत्रातले जाणकार जेकब नीलसन यांनी २०००च्या सुमारास एक साधी गोष्ट मांडली होती: पाच माणसांसमोर बसून चाचणी घेतली, तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. त्यासाठी कोट्यवधींचा सल्लागार लागत नाही. अमळनेरच्या बाजार समितीत एक सकाळ आणि शिरपूरच्या सेवा केंद्रात एक दुपार पुरते. लाडकी बहीणचं ते 'नाहीत... नाही' वाक्य पाच बायकांपुढे ठेवलं असतं, तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं.

माणसंही इथेच आहेत. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. अहिराणी घरात बोलणारी आणि कोडिंग शिकणारी मुलं तिथल्या वर्गांत बसलेली आहेत. ती पुण्याला जाऊन अमेरिकन विमा कंपनीचे स्क्रीन सुधारतात. वडिलांच्या कापसाच्या ॲपबद्दल त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मराठीसाठी असं काम झालेलंच नाही, असंही नाही. मोबाईलवर मराठी टाइप करण्यासाठीचा 'स्वरचक्र' कीबोर्ड आयआयटी मुंबईच्या आयडीसीत तयार झाला. इंग्रजी कीबोर्डवर देवनागरी चिकटवण्याऐवजी बाराखडीचाच आधार घेऊन त्याची मांडणी केली गेली.

सीसीआयच्या बाबतीत तातडीचे मुद्दे तर अगदी जमिनीवरचे आहेत. कापसात ओलावा १२ टक्क्यांहून जास्त असेल तर माल घेतला जात नाही आणि ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. स्लॉट मिळाला त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला, कापूस ओलसर झाला, तर शेतकऱ्याने काय करायचं? स्लॉट पुढे ढकलण्याचं बटण पहिल्याच पानावर आहे की चार पानं आत? त्याला फोन करायला माणूस आहे की फक्त ईमेल? भाड्याने आणलेला टेम्पो दारात उभा असताना याचं उत्तर दोन मिनिटांत लागतं. नाहीतर तोच टेम्पो गावातल्या खेडा खरेदीवाल्याकडे वळतो. तिथे ओटीपी लागत नाही. भाव हमीभावापेक्षा कमी मिळतो, पण पैसे हातात मिळतात.