मानेतली नळी आणि माझी सही

दोन वर्षांपूर्वी अम्मीला वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ठेवलं होतं. रक्तदाब एकदम खाली गेला होता. नर्सने कागद पुढे केला, "सेंट्रल लाइन टाकायचीय, सही करा." कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांचा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वाचल्याशिवाय सही करू नका, असं वर्गात बजावतो. त्या दिवशी मीच न वाचता सही केली.

सहाव्या दिवशी अम्मीला थंडी वाजून ताप भरला. नळीवाटे जंतू रक्तात गेले होते. डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्लिकेशन आहे, होतं कधी कधी." नातेवाईक म्हणाले, "अल्लाहची मर्जी." अम्मी वाचली, पण मुक्काम बारा दिवसांनी वाढला. तेव्हा दोन्ही उत्तरं मी मुकाट्याने ऐकली. आज पटत नाहीत.

सेंट्रल लाइन म्हणजे मानेतल्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घालून हृदयाच्या जवळ नेलेली बारीक नळी. तिच्यातून जोरदार औषधं देता येतात, अनेकांचा जीव वाचतो. पण मानेत शिरेला लागूनच धमनी असते आणि खाली फुप्फुसाचं टोक. सुई चुकली तर धमनीला इजा होते किंवा फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठते. सोनोग्राफीत शीर बघत सुई घातली की हा धोका बराच कमी होतो. संसर्ग टाळणं तर त्याहून स्वस्त आहे.

अमेरिकेत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच गोष्टींची यादी केली: हात धुवा, टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाका, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसा, शक्यतो जांघेत नळी घालू नका, गरज संपताच ती काढा. डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला दिला. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत हे राबवलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांत किमान निम्म्या आयसीयूंत हा संसर्ग शून्यावर आला होता. दीड वर्षानंतरही एकूण प्रमाण दोन तृतीयांशाने कमीच राहिलं. नवीन औषध नाही, महागडं यंत्र नाही.

आपल्याला हे नवं वाटू नये. आम्हा शाफईंना वुझूचा क्रमसुद्धा फर्ज आहे. जमात उभी राहिली म्हणून कुणी कोरडी टाच घेऊन सफेत शिरत नाही. शेजारच्या पोराने "चाचा, टाच कोरडी राहिली" म्हटलं, तर चाचा मागे फिरतात, रागावत नाहीत. आयसीयूत नर्सने डॉक्टरला असं म्हणायची सोय का नसावी?

डॉक्टर म्हणतील, जीव जात असताना नातेवाइकांना समजावत बसू का? नका बसू, आधी जीव वाचवा. पण घाई ओसरल्यावर तरी आमच्या भाषेत सांगा. रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय संमती खरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. वसई-विरारमध्ये मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती बोलणारे रुग्ण रोज येतात. संमतीचा कागद मात्र इंग्रजीत. हॉस्पिटलांनी तो निदान मराठी आणि हिंदीत छापावा. उर्दू मजकूर मी फुकट लिहून देईन.

आणि आपणही गप्प बसू नये. भांडण नको, आरडाओरडा तर नकोच. रोज सकाळी डॉक्टर राउंडला आले की अदबीने एकच विचारा, "डॉक्टरसाहेब, ही नळी आजही लागणार आहे का?" नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका जास्त. अम्मीच्या वेळी पाच सकाळी मी त्या पलंगाशी उभा होतो. हा प्रश्न एकदाही विचारला नाही.