पेटीचा वनवास

जुन्या दिल्लीत नई सडकेवर पुस्तकांचा आणि वाद्यांचा शेजार आहे. एकीकडे क्रमिक पुस्तकांचे ढीग, तर चार पावलांवर कुणी कारागीर हार्मोनियमचा भाता उघडून बसलेला. तिथून जाताना मला हटकून संसद मार्गावरचे आकाशवाणी भवन आठवते. १९४० पासून १९७१ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, आकाशवाणीवर या वाद्याला मज्जाव होता. रामाचा वनवासदेखील चौदा वर्षांत संपला.

ही बंदी इंग्रजी अमदानीतली. पेटीतून मींड निघत नाही, तिचे स्वर ठरीव, श्रुतींशी तिचा संबंध नाही, हा आक्षेप रवींद्रनाथांसारख्यांचाही होता आणि शास्त्रदृष्ट्या तो खोटा नाही. पण आक्षेप घेणे निराळे आणि हुकूम काढणे निराळे. कीर्तनात, भजनात, नाट्यगृहात महाराष्ट्राच्या कानी सूर पडला तो बव्हंशी पेटीचा. गोविंदराव टेंब्यांनी तिच्या एकलवादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पु. ल. देशपांड्यांसारखा हाडाचा पेटीवाला आकाशवाणीच्या नोकरीत शिरला तेव्हा त्याचे वाद्य तिथे निषिद्ध होते!

स्वातंत्र्य आले तरी बंदी उठली नाही. उलट तिला सोबत मिळाली. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. संस्थाने विलीन झाल्यावर उघड्यावर पडलेल्या गवयांना आकाशवाणीने आसरा दिला, शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, संगीत संमेलने भरू लागली. हे श्रेय केसकरांना दिलेच पाहिजे. आक्षेप आहे तो दुसऱ्या गोष्टीला. चित्रपटगीते हीन आहेत असे ठरवून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करावी लागली.

यावर आमचे सुसंस्कृत स्नेही विचारतात, निवड करण्याचा अधिकार संपादकाला असतो, मग मंत्र्याला का नसावा? उत्तर सोपे आहे. एका संपादकाने कविता साभार परत पाठवली तर कवीला दुसरे मासिक असते. एखादे पुस्तक ग्रंथपालाने घेतले नाही तरी ते दुकानात मिळते. देशात नभोवाणी एकच होती आणि ती सरकारची होती. तिथली नावड ही बंदीच ठरे.

आणि ज्या हीनतेचे एवढे भय, तिचे स्वरूप तरी काय होते? १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. मराठी घराघरात ते भक्तिभावाने ऐकले गेले. गीतकार ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. दोघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले! ज्या हातांची चित्रपटगीते त्याज्य, त्याच हातांचे रामायण पूज्य. या विसंगतीचा जाब कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. विचारणार तरी कोण? पांढरपेशा मराठी समाजाला केसकरांचे धोरण मनातून पसंत होते.

१९७६ मध्ये आणीबाणीच्या सरकारला किशोरकुमार यांनी सहकार्य नाकारले. त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवरून बंद झाली; शाह आयोगापुढे हे प्रकरण पुढे आले. केसकर तेव्हा सत्तेत नव्हते, या कृत्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांचा हेतू अभिरुचीचा होता आणि यांचा सुडाचा. परंतु गाणे थांबवण्याची कळ तीच होती, आणि ती दाबणे हा सरकारचा हक्कच आहे असे मानण्याची सवय आम्हाला पंचवीस वर्षांपूर्वीच लागली होती.

आम्हाला म्हणतो, कारण मी यातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ‘फक्त अभिरुचिसंपन्न गीते’ अशी सूचना फलकावर लागली. गीतांची यादी तपासणाऱ्या समितीत मी होतो. एका मुलाने जुने चित्रपटगीत दिले होते. त्यात आक्षेपार्ह असा एकही शब्द नव्हता. ते चित्रपटातले होते, इतकेच. ते आम्ही खोडले. मी सही केली. मुलगा त्या संध्याकाळी वडिलांची पेटी घेऊन आला होता. शेवटच्या रांगेत ती पायाशी ठेवून तो आरतीपर्यंत बसून राहिला.