पत्र्याचा अग्निबाण आणि चंद्रावरील यान

बालपणी जपलेला पत्र्याचा अग्निबाण किंवा चावीचा यंत्रमानव आपल्या अपत्याच्या हाती देताना पालकास विलक्षण आनंद होतो. परंतु त्या आनंदामागोमाग पुष्कळदा ‘मोडू नकोस’ ही ताकीद येते आणि खेळणे काचेच्या कपाटात जाऊन बसते. पालकाची आठवण तेथे सुरक्षित राहते. मुलाचे कुतूहल मात्र उपाशी राहते.

बंगळूरच्या पालकांनी याचा विशेष विचार करावा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरले. त्या मोहिमेचे नियंत्रण याच शहरातून झाले. खेळण्यातील अग्निबाणास बहुधा पंख असतात. चार पायांच्या विक्रमला पंख नव्हते. असे का, हे मुलाने विचारावे आणि पालकाने त्याच्यासह उत्तर शोधावे. चंद्रावर वातावरण जवळजवळ नाही; तेथे पंखांना आधार मिळत नाही व हवाई छत्रीही निरुपयोगी ठरते. म्हणून खालच्या दिशेस झोत सोडणाऱ्या इंजिनांनी यानाचा वेग रोखला. फुगवलेल्या फुग्याचे तोंड मोकळे सोडले की हवा एका दिशेस आणि फुगा विरुद्ध दिशेस धावतो, त्यातही न्यूटनचा हाच तिसरा नियम दिसतो.

जुन्या रंगात शिसे असू शकते; म्हणून अगदी लहान मुलास असे खेळणे देऊ नये. जाणत्या मुलास मात्र ते उघडून आतील कमान व चक्रे पाहू द्यावीत. त्यात एखादे खेळणे मोडेलही. परंतु यंत्र कसे चालते हे ज्याने स्वतः पाहिले, त्यास कल्पिताकडून सत्याकडे जाण्याची वाट सापडते. पालकाकडून मुलास मिळावयाचा खरा वारसा हाच होय.