कानाशी बोलणारे निवेदक

२०१७ साली स्टोरीटेल भारतात आले, त्यानंतर मराठी श्राव्य पुस्तके चांगलीच वाढली. निवेदनाची समज मात्र त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. बहुतेक निवेदक कथाकथनाचा बाज उचलतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्यासमोर सभागृह असे. हशा येई, त्यावर विराम ठरे. श्राव्य पुस्तकाचा श्रोता एकटा असतो. लेखकाने 'ती म्हणाली' एवढेच लिहिले असताना निवेदिका हुंदका देते, तेव्हा तो हुंदका नेमका कुणाचा?

उच्चारांचे दुखणे याहून मोठे. आपली लिपी दंत्य आणि तालव्य 'ज' वेगळे दाखवत नाही. 'जरा' म्हणजे थोडे की वार्धक्य, हे अर्थ कळल्याखेरीज वाचताच येत नाही. परवा एका कादंबरीत वार्धक्याचे 'थोडे' झालेले ऐकले आणि (कबूल करतो, चिडून) ऐकणे थांबवले.

याउलट ग्रामीण कथांच्या एका संग्रहात निवेदकाने बोलीचे हेल केवळ संवादापुरते राखले होते. बाकीचे निवेदन जवळजवळ कोरडे. दुसऱ्या कथेपर्यंत त्याच्या आवाजाचा विसर पडला होता. तो संग्रह मी पुन्हा लावला.