रंगाचा थर आणि सकाळचे फडके

मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात एकावर एक चार थर चढतात. बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर सर्वांत खाली, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये याच थरात असतात आणि झळाळीही याचीच. रंगाची निगा राखायची म्हणजे हा थर जपायचा.

शहरांत हा थर झिजतो तो मुख्यतः रोजच्या पुसण्याने. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्याच्या हाती एक बादली आणि एक फडके असते. त्यावर त्याला सकाळी कितीतरी गाड्या उरकायच्या असतात. पहिल्या गाडीची माती दुसरीवर, दुसरीची तिसरीवर फिरते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. ओल्या फडक्याखाली ते रगडले गेले की वर्तुळाकार बारीक ओरखडे उमटतात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ते उन्हात लख्ख दिसतात. पांढऱ्या गाडीवरही असतात, नजरेत भरत नाहीत एवढेच. त्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याच्या तुटपुंज्या पैशांत आणि बादलीभर पाण्यात याहून वेगळे काम होणे शक्य नाही.

खरा उपाय असा, की हात लावण्याआधी पाण्याने धूळ सुटू द्यावी. गाडी सावलीत, बॉनेट गार झाल्यावर, टपापासून खाली अशी धुवावी. शाम्पूच्या पाण्याची बादली वेगळी आणि फडके खळबळायची वेगळी. फडके मायक्रोफायबरचे हवे आणि ते जमिनीवर पडले तर बाजूला टाकावे. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरला तर मळाबरोबर वॅक्सही निघून जाते. पाण्याची टंचाई असेल तर धूळ दोन दिवस राहू द्यावी. कोरडे फडके मारण्यापेक्षा ते केव्हाही बरे. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालणे हाही रगडण्याचाच प्रकार आहे.

पक्ष्यांची विष्ठा मात्र राहू देऊ नये. तिच्यात आम्ल असते. शिवाय उन्हाने तापलेला क्लिअर कोट नरम पडतो, गार होताना आकसतो आणि वाळलेल्या डागाभोवती आवळला जातो. डाग निघाला तरी खळगा उरतो. ओले फडके काही मिनिटे डागावर ठेवावे आणि न घासता उचलावे. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे ठिपके कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. धुतल्यावर गाडी लगेच टिपून घेतली तर ते पडतच नाहीत.

पॉलिश आणि वॅक्स यांत नेहमी गल्लत होते. पॉलिशने ओरखडे दिसेनासे होतात ते क्लिअर कोट घासून कमी केल्यामुळे, म्हणून दर सर्व्हिसिंगला पॉलिश करून घेणे म्हणजे थर हौसेने झिजवणे आहे. वॅक्स उलट वर बसते. ब्राझीलमधल्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचे मेण यासाठी नावाजलेले आहे, पण ते काही आठवडेच टिकते. सिलिकावर आधारलेले सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते; उडणारा खडा मात्र तेही अडवत नाही.

क्रोमची तऱ्हा वेगळी. जुन्या अँबेसेडर आणि पद्मिनीच्या पोलादी बंपरवर जे चमकते त्यात क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. चमकेचा पाया त्याखालच्या निकेलचा असतो. क्रोमियम स्वतः गंजत नाही, पण त्याला सूक्ष्म छिद्रे आणि भेगा असतात. त्यांतून खारट ओल आत शिरली की पोलाद गंजते आणि तांबूस ठिपके वर येतात. म्हणून रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे क्रोम लवकर खराब होते. किनाऱ्यावरून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने, चाकांच्या आतल्या बाजूंसह धुवावी.

चाकांवरची काळसर भुकटी ब्रेकची असते. तिच्यातले तापलेले लोहकण चिकटून बसतात आणि गंजतात. चाके गार झाल्यावर, सगळ्यांत आधी आणि वेगळ्या फडक्याने धुवावीत. संडास-फरशीचे अ‍ॅसिड चाकाला कधीही लावू नये. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियम विरघळते. पोलादावरच्या क्रोमचे हलके ठिपके ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने अलगद घासले तर निघतात, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. मुलामा सुटू लागला असेल तर पॉलिशचा उपयोग नाही. तो भाग पुन्हा मुलामा करूनच घ्यावा लागतो. हल्लीच्या ग्रिलवरचे क्रोम बहुधा प्लॅस्टिकवर असते, त्यावर कंपाउंड लावू नये. अलॉय व्हील बहुतेक वेळा रंगवलेले असते, त्याची निगा रंगासारखीच राखावी.

खड्याने टवका उडाला आणि पत्रा उघडा पडला तर वॅक्स, कोटिंग काहीच कामाचे नाही. मे महिन्यात एकदा गाडीभोवती सावकाश फिरून दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि बॉनेटचे टोक न्याहाळावे, आणि उघड्या जागी पाऊस सुरू होण्याआधी टच-अप रंग लावून घ्यावा.